खांदमळणीची हळद

बाबा, आपला गोठा यंदा रिकामा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागून कळलं असतं तर तुम्ही असाल तिथून एक सणसणीत शिवी हासडली असती. बैल विकले. वावर बटाईनं दिलं. गडी सोडून गेला, माझे गुडघे धरले, आणि तुमच्या सुनेनंच एक दिवस म्हटलं, "देऊन टाका कोनाले. उभे राहून राहून बिचारे कटाळून गेले." मग ओळखीच्या चांगल्या घरी दिले, सोनाळ्याला. तुम्ही गेलात तेव्हा आपला कारभार नागपुराहून चालायचा. आता आपण महाराष्ट्रात आहोत, मोठे साहेब मुंबईला बसतात, गावात विजेचे खांब आलेत आणि आपल्या ओसरीत एक दिवा लोंबतो. तो पाहिजे तेव्हा कधीच लागलेला नसतो, पण असतो.

सांगायचं ते हे नाही. सांगायचं ते तुमच्या सुनेबद्दल आहे, आणि बापाशी असल्या गोष्टी बोलायची आपल्यात रीत नाही. तुम्ही समोर असता तर मी मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत बसलो असतो. तुम्हीही बैलाचं काहीतरी काढून विषय बदलला असता. गेलेल्या माणसापुढं लाज जरा कमी वाटते, म्हणून लिहितो. शिवाय जे सांगायचं आहे ते मी तुमच्याकडूनच उचललं, तेव्हा तुम्हाला कळवणं भाग आहे.

तुम्हाला तो पोळा आठवतो का? माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं, मी नवाकोरा मास्तर, डोक्यावर टोपी आणि नाकावर राग. घरात तुमचं आणि मायचं बोलणं बंद होतं. मामाच्या लग्नाला तिला जायचं होतं आणि तुम्ही ज्वारीच्या सोंगणीपायी तिला पाठवलं नव्हतं. माय भांडली नाही, रडलीही नाही. तिनं फक्त तुमच्याशी बोलणं टाकलं. एकाच चुलीपुढं दोघं बसलेले आणि माय तुमच्या सुनेला सांगायची, "पोरी, तुह्या सासऱ्याले इचार, वरन पाह्यजे काय." तुम्ही ताटाकडं पाहत म्हणायचे, "सांग तिले, पाह्यजे." मधल्या मधे माझी बायको, डोक्यावरचा पदर सांभाळत, एकदा इकडं तोंड एकदा तिकडं तोंड. तिला हसू आवरायचं नाही. हसू लपवायला ती चुलीत फुंकर घालायची आणि घरभर धूर करायची. बाजाराला जाताना तुम्ही पुढं आणि माय मागं, ते तर नेहमीचंच होतं, पण त्या वर्षी मधलं अंतर एवढं वाढलं की मोताळ्याला पोचून तुमचं पान खाऊन व्हायचं तेव्हा माय नाल्याजवळ दिसायची.

मग पोळ्याची आदली संध्याकाळ. खांदमळणी. तुम्ही बैल नाल्यावरून धुऊन आणलेत, अंगणात बांधलेत, आणि माय आतून हळद-तुपाची कोमट वाटी आणून तुमच्यापुढं ठेवते, एक शब्द न बोलता. तुम्ही माणसांवर ओरडणारे माणूस, पण बैलाच्या खांद्याला हात लावला की तुमचा आवाजच वेगळा व्हायचा. जू बसून बसून जिथं कातडं जाड झालेलं असतं तिथं तुम्ही हळद चोळत होता आणि दरवर्षीसारखं त्याच्या कानाशी बोलत होता. "वर्षभर ओढलं रे राजा. मारलंबी असन, बोललोबी असन. चुकलं-माकलं पोटात घाल." आधी डाव्या बैलाला, मग उजव्याला. वाटीत हळद उरली. माय कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन गोठ्याकडं निघाली होती, तर तुम्ही म्हणालात, "थांब." ती थांबली. तुम्ही उठून तिच्या डोक्यावरची पेंढी उतरवून बाजूला टाकलीत. मी ओसरीत होतो, तुमची सून सैपाकघराच्या उंबऱ्यात.  तुम्ही मायला म्हणालात, "बस खाली." ती काय विचारात बसली देव जाणे, पण बसली, बैलाशेजारी, दावणीच्या दगडावर. आणि तुम्ही तिच्या लुगड्यावरूनच तिच्या खांद्याला हळद चोळायला लागलात. अंगणात, उजेडी, पोरासुनेच्या समोर! मी तर भुईत गाडला गेलो असतो. तुम्ही तेवढंच बोललात, "चुकलं-माकलं पोटात घाल." राजा म्हणाला नाहीत. ते बैलापुरतंच ठेवलंत.

माय खांद्यावरच्या हळदीकडं पाहत राहिली. मग तिनं तुमच्याशी कितीतरी महिन्यांनी पहिलं वाक्य टाकलं, आणि तेही असं, "हात नीट धुवा. नाई तं भाकरीले हळद लागन." तेवढ्यात तुमचं लक्ष माझ्याकडं गेलं आणि तुम्ही कडाडलात, "काय पाह्यतं बे? मास्तर झाला तं नजर खाली ठेवता येत नाही काय? जाय, बैलाले पानी पाज!" मी पळालो. त्या दिवशी चुलीपाशी तुमची सून भाकर थापता थापता हळूच मला म्हणाली, "मामंजीचे हात पाह्यले काय? थरथर करत होते." मी पाहिले नव्हते. ती नेहमी माझ्यापेक्षा जास्त पाहते.

त्या वर्षात आमचंही काही कमी नव्हतं, बाबा, आता सांगायला काय हरकत आहे. तिला मी अक्षरं शिकवत होतो, तुम्हाला आणि मायला न कळू देता. पाटी घेऊन बसायची सोय नव्हती, म्हणून ती परातीतल्या पिठात बोटानं अक्षर काढायची, मी मानेनं बरोबर की चूक सांगायचो, आणि मायची चाहूल लागली की ती त्याच पिठात पाणी ओतून भाकर थापायला घ्यायची. क पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं मी अशी खाल्ली आहेत. कधी एखादी भाकर चुलीवरून उतरताना ती डोळ्यानं खूण करायची, ही तुमच्या नावाची. नवऱ्याचं नाव तोंडानं घेता येत नाही, पण पिठात काढता येतं, असा तिचा हिशोब. असली बायको होती ती. म्हणजे आहे, पण मधे मला तिचा पत्ता लागेनासा झाला.

त्याचं असं झालं की माझी नोकरी फिरतीची. जानेफळला गेलो, सोनाळ्याला गेलो, आणखी कुठं कुठं गेलो. खोली भाड्याची, हातानं करून खायचं. ती इथंच राहिली, मायचं दुखणं-खुपणं, वावर, पोरं, बैल, सगळं तिच्या अंगावर. मी सुटीत यायचो. आलो की पोरं ओरडायची, "बाबा आले!" आणि ती घाईनं भिंतीवर टांगलेली चांगली परात जेवायला काढायची, पाहुण्याला काढतात तशी. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं. आयुष्यभर पाहुणा म्हणून जेवलो आणि कळलंच नाही. नोकरी संपून कायमचा घरी आलो तेव्हा लक्षात आलं, की घरात पाहुण्याची जागा आहे, माझी नाही. तिची सगळी कामं ठरलेली, तिच्या वेळा ठरलेल्या, तिच्या डब्यांच्या जागा ठरलेल्या. आणि मी काय केलं असेल? मास्तर ना मी! मिठाचा डबा इथं का नको आणि तिथं का पाहिजे यावर व्याख्यान दिलं. दोन दिवस तिनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, शाळा सुटली आता. घरी जा." मी म्हटलं, "घरीच तं हाव." तिनं डबा उचलून होता तिथं ठेवला.

त्यानंतर भांडण असं नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं, त्यात निदान तोंडाकडं पाहावं लागतं. ती आतल्या घरात, मी ओसरीत. रॉकेल संपलं, दळण आणा, शेजाऱ्याकडं पाहुणे आले, एवढं बोलणं. कधी कधी मला वाटायचं, हिला काही विचारावं. पण काय विचारावं हे सुचायचं नाही. एवढी वर्षं पोरांना प्रश्न विचारण्यात गेली आणि बायकोला विचारायला एक प्रश्न सापडेना, तुम्ही हसाल.

मग अकोल्याच्या आपल्या पोराकडून नातवाचं, म्हणजे तुमच्या पणतवाचं, भावंड येणार असल्याचं कळलं. माझ्या सुनेच्या माहेरी करणारं कोणी नाही, म्हणून पोरगा म्हणाला, पोळा झाला की आईला न्यायला येतो. यात वावगं काही नाही. बाळंतपणाला सासू जातेच. पण ती पेटी भरायला बसली तेव्हा मी ओसरीतून पाहत होतो. लुगडी गेली, ठीक. मग थंडीची गोधडी गेली. श्रावण सरत आला होता आणि ही गोधडी घेऊन चालली! मी म्हटलं, "गोधडी काऊन?" ती म्हणाली, "थंडी तिथंबी पडते." दुसऱ्या दिवशी देवाला फूल वाहायला गेलो तर देवघरात एक जागा मोकळी दिसली. अन्नपूर्णा नव्हती. लग्नात तिच्या आईनं तिच्या ओंजळीत घातलेली ती बोटाएवढी पितळी मूर्ती, जी या घरात तिच्याबरोबर आली होती.  मी सैपाकघराच्या दारात जाऊन विचारलं, "अन्नपूर्णा कुठं गेली?"

"पेटीत हाय. माह्या मायनं देल्ली होती. माह्यासंगं चालली."

"सव्वा महिन्यासाठी देव नेतात काय कोनी?"

तिनं वर पाहिलं नाही. भाजी चिरता चिरता म्हणाली, "पोरगा म्हनते, आता तिथंच राह्य. नातवाले पाहाले मानूस पाह्यजे. तुमचं काय, तुमाले एकट्यानं राहाची सवय हाय." रागानं म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती साधं म्हणाली, हवा कशी आहे सांगावं तसं. मी परत ओसरीत येऊन बसलो. थांब म्हणायला काय लागतं, बाबा? दोन अक्षरं. पण तेवढी दोन मला काढता आली नाहीत.

त्या संध्याकाळी खांदमळणी होती. माझ्या तर ध्यानातही नव्हतं, बैलच नाहीत तर खांदमळणी कुणाची? गावात बैलांच्या घुंगरांचा आवाज चालू होता, दिवा नेहमीप्रमाणं गेला होता, अजून उजेड होता म्हणून काही अडत नव्हतं. तेवढ्यात ती सैपाकघरातून बाहेर आली, हातात वाटी, पदरानं धरलेली. माझ्यासमोरून गेली, अंगण ओलांडून सरळ गोठ्यात. तीच चाल, तोच वेग, वर्षानुवर्षं गड्याच्या हातात वाटी द्यायला जायची तसा. मी काही म्हणणार तोवर ती आत गेली होती. मग बाहेरच येईना. मी थोडा वेळ वाट पाहिली आणि उठून गेलो. ती रिकाम्या दावणीपुढं वाटी घेऊन उभी होती. खुंटे तेवढे होते, दावी गुंडाळून ठेवलेली होती. मला पाहून ती कशीबशी हसली. "मीबी कशी येडी! हळद कढवली, तूप टाकलं, इथलोक आली, तरी ध्यानात नाही आलं." आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "त्यायले तिथं कोनी चोळत असन काय हो हळद?" मी म्हटलं, "चोळत असन. माणूस चांगला हाय थो." पण ती बैलांसाठी एवढी रडत नव्हती, एवढं मलाही कळत होतं.

आणि तिथं, त्या शेणाच्या वासात, मला तुम्ही आठवलात. दावणीचा तो दगड अजून तिथंच आहे. मी म्हटलं, "बस." ती म्हणाली, "काऊन?" आणि विचारता विचारताच तिला समजलं. तिनंही पाहिलं होतं ना. तिच्या ओल्या तोंडावर एकदम तेच जुनं हसू आलं, चुलीत फुंकर घालून लपवायची ते. "आता काय, मामंजीची नक्कल करता काय? लोक पाहतीन न!" मी म्हटलं, "पाहू दे. बस." ती बसली.

मी हळद घेतली, बाबा, आणि तिच्या खांद्याला लावली. मला वाटलं होतं तिचा खांदा मला माहीत असेल. कुठला माहीत! कापूस वेचायच्या ओटीच्या झोळीची गाठ ज्या खांद्यावर बसायची तिथं घट्टा पडला आहे, मी तो कधी पाहिलाच नव्हता. मानेजवळचं हाड वर आलं आहे. मी हळू हळू चोळत गेलो आणि ती मान एका बाजूला टाकून डोळे मिटून बसली. मग तुमचं वाक्य म्हणायला गेलो. "चुकलं-माकलं..." एवढंच निघालं. पुढचं निघेना. वर्गात पोरगं पाठ केलेलं विसरतं आणि भिंतीकडं पाहत राहतं, तसा मी खुंट्याकडं पाहत राहिलो. ती डोळे न उघडताच म्हणाली, "पोटात घालून घालून माह्यं पोट भरलं आता. दुसरं काही असन तं बोला."

मग मी बोललो. "जाऊ नको."

"बाळंतपन हाय तिथं, जाऊ नको कसं? त्या पोरीचं कोन करन?"

"बरं, जाय. पन वापस ये." आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर थांबलंच नाही. "मले एकट्यानं राहाची सवय नाही वं. कवाच नव्हती. तिथं खोलीत भाकर थापताना मी पिठात तुह्यं नाव काढत होतो."

ती एकदम वळून माझ्याकडं पाहायला लागली. "खरं?" मी म्हटलं, "खरं." "मंग सांगाचं नव्हतं काय, इतक्या वर्षात?" मी म्हटलं, "तू इचारलं नाही." "तुमीबी नाही इचारलं!" म्हणाली आणि वाटी माझ्या हातातून काढून घेतली. "उरली हाय हळद. आता तुमी बसा." आणि मला त्या दगडावर बसवून माझे खांदे असे रगडले, की मी दोनदा "अवं, हळू!" ओरडलो. शेजारीण कुडावरून डोकावली, "काय झालं वो मास्तरीनबाई?" ही म्हणते कशी, "काही नाही वो, बैल चोळून राह्यली!" माझ्या बंडीवर तो पिवळा डाग अजून आहे.

पोळा झाला, पुरण झालं, पोरगा आला. निघायच्या दिवशी सकाळी मी देवघरात गेलो. अन्नपूर्णा तिच्या जागेवर बसलेली होती, घासून पुसून, हळद-कुंकू लावून. मागून ती म्हणाली, "तिच्यापुढं दिवा लावत जा रोज. मी येईलोक तिले उपाशी ठेवू नका, साखर ठेवजा जराशी." मी मान हलवली. 

फाट्यावर जाताना पोरगा पेटी घेऊन केव्हाच पुढं गेला. मी चालत होतो, ती मागं, तुमच्यासारखंच. मला वाटलं तिला बरोबर घ्यावं, म्हणून पाय जरा हळू टाकायला लागलो. तर तीही हळू चालायला लागली! मी आणखी हळू, ती आणखी हळू. शेवटी मी उभाच राहिलो, आणि मागं पाहतो तर तीही उभी, गाठोडं काखेत, तोंडावर प्रश्न. "काय झालं? पायात काटा गेला काय?" म्हणाली. मी म्हटलं, "अवं, तुह्यासाठी थांबलो." "मी तं तुमच्यासाठी थांबली!" मग भर रस्त्यात आम्ही दोघं इतके हसलो, की समोरून येणारा गाडीवाला बैल आवरून पाहतच राहिला. तिथून फाट्यापर्यंत ती माझ्या बरोबरीनं चालली. माझ्या उजव्या बाजूला. लोकांनी पाहिलं. पाहू दे.

नात झाली आहे. दोघी सुखरूप आहेत. सव्वा महिना काल झाला, आणि आज संध्याकाळच्या मलकापूरच्या एस.टी.नं ती येते आहे. अन्नपूर्णेला मी एकही दिवस उपाशी ठेवलं नाही, साखर जरा जास्तच ठेवली, मुंग्या झाल्या आहेत, त्यावरून बोलणी खाईन. मिठाचा डबा तिनं ठेवला तिथंच आहे. दुपारपासून तीनदा दाढीवरून हात फिरवून पाहिला. लग्नाच्या आदल्या दिवशी फिरवत होतो तसा, बाबा.

तुम्ही आहात तिकडं टपाल जात नाही, तेव्हा हे पाठवायचा प्रश्न नाही. पण खरं सांगतो, लिहिताना मधूनच माझं अक्षर नीट, मोठं होत गेलं, पिठात अक्षरं शिकलेल्या माणसाला वाचता येईल असं, आणि ते तुमच्यासाठी नाही. तुम्हाला कुठं वाचता येत होतं? हे कागद घडी घालून हळदीच्या डब्याखाली ठेवतो आहे. आली की आधी ती सैपाकघरातच जाईल.